मानेतली धमनी फाटून आलेला स्ट्रोक : गुठळी विरघळवायचं औषध द्यायचं का?

कोर्सवर्कमध्ये आपल्याला पुराव्यांची उतरंड शिकवतात. सगळ्यात वर आरसीटी, म्हणजे रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून केलेल्या चाचण्या. त्याखाली निरीक्षणात्मक अभ्यास, अगदी तळाशी एकेका रुग्णाचे केस रिपोर्ट. ही उतरंड पेटच्या परीक्षेपुरती सगळ्यांना पाठ असते. पण ज्या प्रश्नावर आरसीटी झालेलीच नाही आणि लवकर होण्याची चिन्हंही नाहीत, तिथे काय करायचं? आपण थिसिसमध्ये ‘याबाबत अधिक संशोधनाची गरज आहे’ असं लिहून चॅप्टर संपवू शकतो. इमर्जन्सीमधल्या डॉक्टरला ती सोय नसते. त्याला पुढच्या काही मिनिटांत हो किंवा नाही ठरवायचं असतं.

असाच एक खराखुरा प्रश्न आज घेऊया. मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटलं, तिथे गुठळी झाली आणि त्यातून स्ट्रोक आला, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यावं का? विषय वैद्यकीय असला तरी यातून शिकण्यासारखं जे आहे ते समाजशास्त्र, अर्थशास्त्र, शेतीशास्त्र अशा कुठल्याही विषयात संशोधन करणाऱ्याच्या उपयोगाचं आहे. (हा लेख पुरावा कसा वाचायचा याबद्दल आहे, उपचाराचा सल्ला म्हणून वाचू नका.)

आधी शरीरात काय होतं ते

मेंदूला रक्त नेणाऱ्या चार मोठ्या धमन्या मानेतून वर जातात. पुढच्या बाजूला दोन कॅरोटिड, मागे मणक्यांच्या छिद्रांतून जाणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. धमनीची भिंत एकसंध नसते, तिला थर असतात. जुन्या पर्सचं अस्तर उसवलं की नाणं अस्तर आणि कापडाच्या मध्ये जाऊन बसतं, ते आठवा. धमनीचं आतलं अस्तर फाटलं की रक्त तसंच भिंतीच्या थरांमध्ये शिरतं. कधीकधी भिंतीतलीच एखादी बारीक रक्तवाहिनी फुटून तिथे रक्त साचतं. या प्रकाराला डिसेक्शन म्हणतात.

यातून दोन गोष्टी होऊ शकतात. भिंत फुगल्यामुळे आतली वाट अरुंद होते किंवा बंदच पडते. शिवाय फाटलेल्या जागी गुठळी धरते, तिचा तुकडा सुटून मेंदूत जाऊन अडकतो. स्ट्रोक येण्याचं कारण बहुतेक वेळा हे दुसरं असतं.

डिसेक्शन अपघातातल्या माराने होऊ शकतं, मानेला बसलेल्या साध्या झटक्यानंतरही होऊ शकतं. आपल्याकडे सलूनमध्ये मान कडकन मोडून देतात, तो झटका याच जातीचा. काहींच्या धमन्यांची भिंत जन्मजात नाजूक असते. पुष्कळदा कारण सापडतच नाही. एका बाजूची मान किंवा डोकं दुखणं, एका डोळ्याची पापणी उतरणं आणि बाहुली लहान होणं अशी लक्षणं आधी दिसू शकतात.

एकूण स्ट्रोकचा हिशोब केला तर डिसेक्शनमुळे येणारे स्ट्रोक साधारण २ टक्के. पण पन्नाशीच्या आतल्या रुग्णांमध्ये हेच प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे आजार दुर्मीळ, पण ज्यांना होतो ती घरातली कमावती, तरुण माणसं.

औषध आणि त्याची किंमत

गुठळीला धरून ठेवते ती फायब्रिन नावाच्या तंतूंची जाळी. अल्टेप्लेज हे औषध रक्तातल्या प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिनमध्ये रूपांतर करतं आणि प्लाझ्मिन ती जाळी तोडतं. १९९५ साली अमेरिकेतली एनआयएनडीएस चाचणी प्रसिद्ध झाली. ६२४ रुग्ण, स्ट्रोक सुरू झाल्यापासून ३ तासांच्या आत उपचार. औषध मिळालेल्यांमध्ये तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरं होण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी जास्त होती. पण मेंदूत लक्षणं दिसण्याइतका रक्तस्राव औषधाच्या गटात ६.४ टक्के जणांना झाला, दुसऱ्या गटात ०.६ टक्के. २००८ मधल्या एकास-३ चाचणीने ही वेळेची मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेली.

म्हणजे औषध फुकट नाही. फायदा आहे आणि त्याची किंमत रक्तस्रावाच्या रूपात मोजावी लागते. शिवाय उशीर होईल तसा फायदा घटत जातो. मोठी धमनी बंद पडलेल्या सरासरी स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ मधला एक गाजलेला अंदाज आहे. अर्धा तास थांबलं तर ५ कोटी ७० लाख. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भीती कुठून आली?

डिसेक्शनमध्ये भिंतीच्या आत आधीच रक्त साचलेलं असतं. गोठण्याची प्रक्रिया उलटवणारं औषध दिलं तर ते साचलेलं रक्त वाढणार नाही का? धमनी आणखी बंद पडेल, भिंत फुगेल, कदाचित फुटेलही. भीती अगदी तर्कशुद्ध आहे. म्हणूनच तरुण रुग्ण, मान दुखतेय, डिसेक्शनचा संशय, अशा वेळी डॉक्टरांचा हात आखडायचा.

तर्कशुद्ध गोष्ट खरी असेलच असं मात्र नाही, आणि हे दोन्ही बाजूंना लागू पडतं. स्ट्रेप्टोकायनेज हे असंच गुठळी विरघळवणारं औषध. हार्ट अटॅकमध्ये ते उपयोगी ठरलं होतं, तेव्हा स्ट्रोकमध्येही चालेल हा तर्कही सरळच होता. पण १९९०च्या दशकात स्ट्रोकमधल्या त्याच्या चाचण्या रक्तस्राव आणि मृत्यू वाढल्यामुळे अर्ध्यात थांबवाव्या लागल्या. यंत्रणा समजली म्हणून परिणाम कळला असं होत नाही. तो मोजावा लागतो.

मग सरळ चाचणी का नाही करत?

इथे कागद-पेन घ्या. समजा, औषधाशिवाय ४० टक्के रुग्ण चांगले बरे होतात आणि औषधाने ५० टक्के होतील अशी आपली अपेक्षा आहे. नेहमीच्या ८० टक्के पॉवरने हा फरक पकडायला प्रत्येक गटात साधारण ३८५, म्हणजे एकूण ७७० रुग्ण लागतात. डिसेक्शन २ टक्क्यांत असेल तर त्यासाठी ३८,५०० स्ट्रोकचे रुग्ण तपासावे लागतील. त्यातला पाचातला एकच वेळेत पोचतो असं धरलं, तर सुमारे १ लाख ९२ हजार. आकडे मी हिशोबासाठी धरलेत, पण अडचण किती मोठी आहे ते कळतं.

दुसरी अडचण निदानाची. चाचणीत घ्यायचं तर डिसेक्शन आहे हे औषध देण्याआधी ठरायला हवं. सीटी अँजिओग्राफीत पुष्कळदा दिसतं. पण भिंतीतलं रक्त नीट दाखवणारा खास प्रकारचा एमआरआय वेळ घेतो, आणि अगदी सुरुवातीच्या दिवसांत त्यातही ते स्पष्ट दिसेलच असं नाही. कॅडिस ही २०१५ साली प्रसिद्ध झालेली चाचणी पाहा. डिसेक्शननंतर पुन्हा स्ट्रोक येऊ नये म्हणून कुठल्या गटातली रक्त पातळ ठेवणारी औषधं द्यावीत, असा तिचा प्रश्न होता. २५० रुग्ण घेतले. नंतर तज्ज्ञांनी स्कॅन निवांतपणे पुन्हा पाहिले, तेव्हा ५२ जणांमध्ये डिसेक्शनची खात्री पटली नाही. घाई नसताना ही स्थिती, तर रात्री दोन वाजता इमर्जन्सीमध्ये काय होत असेल!

तुलना कुणाची कुणाशी?

आरसीटी नाही म्हटल्यावर हातात राहतात निरीक्षणात्मक अभ्यास. ते वाचताना पहिला प्रश्न एकच विचारायचा : तुलना कुणाची कुणाशी आहे? दोन अभ्यास शेजारी ठेवूया.

पहिला स्वित्झर्लंडमधला, २००९ चा. १,०६२ रुग्णांना गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून दिलं होतं. त्यातल्या ५५ जणांचा स्ट्रोक डिसेक्शनमुळे होता. मेंदूतल्या रक्तस्रावाचं प्रमाण दोन्हीकडे सारखं, १४ टक्के. लक्षणं देणारा रक्तस्राव डिसेक्शनवाल्यांत ७ टक्के, इतरांत ५ टक्के. उत्तम बरे झालेले अनुक्रमे ३६ आणि ४४ टक्के.

आता गंमत बघा. डिसेक्शनवाल्यांचं मध्यक वय होतं ५० आणि इतरांचं ७०. तरुण माणूस स्ट्रोकमधून एरवी चांगला सावरतो. म्हणजे वयाचा फायदा असूनही हे लोक मागे पडले. म्हणूनच वय, लिंग आणि स्ट्रोकची तीव्रता लक्षात घेऊन पुन्हा हिशोब केल्यावर दरी आणखी रुंदावली. उत्तम बरे होण्याचं ऑड्स-गुणोत्तर ०.५० निघालं, म्हणजे निम्मं.

यावरून ‘डिसेक्शनमध्ये औषध कमी चालतं’ असं लिहायचा मोह होतो. पण थांबा. इथे दोन्ही गटांना औषध मिळालेलं आहे. औषध न मिळालेला डिसेक्शनचा रुग्ण या तुलनेत कुठेच नाही. कदाचित डिसेक्शनचा स्ट्रोक मुळातच जास्त चिवट असेल, औषध द्या किंवा देऊ नका. हा अभ्यास ‘डिसेक्शनवाल्यांना इतरांपेक्षा जास्त रक्तस्राव होतो का’ याबद्दल काहीतरी सांगतो. ‘औषधाने फायदा होतो का’ याचं उत्तर त्याच्या रचनेतच नाही.

दुसरा अभ्यास कॅडिस्प या युरोपातल्या गटाचा, २०१२ चा. इथे डिसेक्शनमुळे स्ट्रोक आलेले ६१६ रुग्ण होते. त्यातल्या ६८ जणांना औषध मिळालं, ५४८ जणांना नाही. ही तुलना आपल्या प्रश्नाला धरून आहे. पण तिच्यात दुसरा सापळा आहे. स्ट्रोकची तीव्रता मोजायचं एक गुणपत्रक असतं, एनआयएचएसएस. जितके गुण जास्त तितका स्ट्रोक वाईट. औषध मिळालेल्यांचा मध्यक होता १६, न मिळालेल्यांचा ३. धमनी पूर्ण बंद असलेले औषधाच्या गटात ६६ टक्के, दुसऱ्या गटात ३९.

साहजिकच आहे. ज्याची अर्धी बाजू लुळी पडलीय त्याला डॉक्टर इंजेक्शन देणार. ज्याचा फक्त हात जरा जड झालाय त्याला देणार नाहीत. आता या दोन गटांची सरळ तुलना केली तर औषध मिळालेले लोक वाईट अवस्थेत दिसणारच. याला कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन म्हणतात. उपचार का दिला, याचं कारणच निकालात मिसळून जातं. खासगी क्लासला जाणाऱ्या मुलांचे मार्क कमी दिसले म्हणून क्लासने मार्क घटवले असं आपण म्हणत नाही. कच्ची मुलंच क्लासला पाठवली असतील, ही शंका आधी येते. तसंच हे.

कॅडिस्पच्या संशोधकांनी तीव्रता आणि बंद धमनी लक्षात घेऊन पुन्हा हिशोब केला. चांगले बरे होण्याचं गुणोत्तर आलं ०.९५. एकसारख्या रुग्णांच्या ६४ जोड्या लावून पाहिल्या, तर १.००. वरवर पाहता वाईट दिसणारा परिणाम तुलना नीट केल्यावर नाहीसा झाला.

‘फरक आढळला नाही’ म्हणजे काय?

आता उलट्या बाजूची घाई नको. त्या ०.९५ चा ९५ टक्के विश्वासांतर होता ०.४५ ते २.००. म्हणजे औषधामुळे बरं होण्याचे ऑड्स निम्म्याहून खाली गेले असतील किंवा दुप्पट झाले असतील, दोन्ही या आकड्यांत बसतं. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. व्हायवाला इथेच पकडतात.

रक्तस्रावाचं बघू. औषध मिळालेल्या ६८ पैकी ४ जणांच्या मेंदूत रक्तस्राव दिसला, पण एकालाही त्याची लक्षणं आली नाहीत. लक्षणं देणारा रक्तस्राव शून्य. मग धोका शून्य मानायचा? इथे एक सोपा नियम कामाला येतो. n जणांमध्ये घटना एकदाही घडली नाही, तर खऱ्या प्रमाणाची ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा साधारण ३ भागिले n असते. ३ भागिले ६८ म्हणजे ४.४ टक्के. धोका शून्य आहे असं हा अभ्यास म्हणू शकत नाही. पण धोका १५-२० टक्के असता तर ६८ जणांत एकही घटना न दिसणं जवळजवळ अशक्य होतं. शून्याकडे असं दोन्ही बाजूंनी बघायचं असतं.

एकेक अभ्यास लहान, म्हणून ते एकत्र केले जातात. २०११ मधल्या एका मेटा-विश्लेषणात औषध मिळालेले डिसेक्शनचे १८० रुग्ण जमले. लक्षणं देणारा रक्तस्राव ३.१ टक्के, इतर कारणांच्या स्ट्रोकमध्ये औषध दिल्यावर दिसतो साधारण तेवढाच. अलीकडे स्टॉप-कॅड या अभ्यासात १६ देशांतल्या ६३ केंद्रांमधून डिसेक्शनच्या ३,६०० हून जास्त रुग्णांच्या नोंदी गोळा झाल्या. त्यातल्या स्ट्रोकच्या रुग्णांचं वेगळं विश्लेषण केलं, तेव्हा औषध मिळालेल्यांत स्वतःची कामं स्वतः करू शकणाऱ्यांचं प्रमाण जास्त आढळलं, आणि लक्षणं देणाऱ्या रक्तस्रावात लक्षणीय वाढ दिसली नाही. हाही निरीक्षणात्मकच अभ्यास आहे, तेव्हा वरच्या सगळ्या शंका त्यालाही विचारायच्या. फक्त संख्या मोठी असल्याने विश्वासांतर अरुंद होतं.

पुराव्याचं ओझं कुणावर?

आता मुख्य मुद्दा. सगळा पुरावा कमकुवत आहे असं म्हटल्यावर औषध द्यायचं की नाही?

बहुतेक जण प्रश्न असा मांडतात : ‘डिसेक्शनमध्ये औषध उपयोगी आहे हे सिद्ध झालंय का?’ उत्तर, नाही. मग थांबा. पण प्रश्न असाही मांडता येतो : ‘साडेचार तासांच्या आतल्या स्ट्रोकमध्ये औषध उपयोगी आहे हे आरसीटींनी दाखवलंय. डिसेक्शनला त्यातून वगळावं असं सांगणारा पुरावा आहे का?’ याचंही उत्तर, नाही. मग द्या. पुरावा तोच, निर्णय उलटा. फरक पडला तो सिद्ध करायची जबाबदारी कुणावर टाकली यामुळे.

यातला कुठला प्रश्न योग्य, ते घड्याळ ठरवतं. इंजेक्शन द्यायच्या वेळी डिसेक्शन आहे की नाही हे पुष्कळदा माहीतच नसतं. हातात असतो फक्त संशय. त्यामुळे डॉक्टरसमोरचा खरा प्रश्न ‘डिसेक्शनमध्ये द्यावं का’ हा नसून ‘डिसेक्शनच्या संशयापायी हात आखडावा का’ हा असतो. खात्री करायला एमआरआयची वाट बघितली, तर मघाचा ५ कोटी ७० लाखांचा हिशोब सुरू होतो. थांबणं हासुद्धा एक उपचारच आहे आणि त्याचेही दुष्परिणाम आहेत. फक्त ते कुणाच्या नावावर लिहिले जात नाहीत.

मार्गदर्शक सूचना याच दिशेला गेल्या आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनच्या २०१९ च्या सूचना सांगतात की कवटीच्या बाहेरच्या, म्हणजे मानेतल्या धमनीच्या डिसेक्शनची खात्री किंवा संशय असला तरी साडेचार तासांच्या आत अल्टेप्लेज देणं बऱ्यापैकी सुरक्षित आहे आणि बहुधा द्यावं. युरोपियन स्ट्रोक ऑर्गनायझेशनच्या २०२१ च्या सूचनाही, बाकीचे नेहमीचे निकष पूर्ण होत असतील तर द्यावं, असंच सुचवतात. पुरावा तोकडा आहे हे दोघंही लपवत नाहीत. ‘बहुधा’ हा शब्द तिथे विचार करून ठेवलेला आहे.

मर्यादाही तिथेच आखल्या आहेत. कवटीच्या आतल्या धमन्यांची बाहेरची भिंत पातळ असते. तिथलं डिसेक्शन फुटून मेंदूभोवती रक्तस्राव व्हायची भीती जास्त, म्हणून तिथे अमेरिकन सूचना फायदा-तोटा अनिश्चित असल्याचं म्हणतात. आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीचंच डिसेक्शन असल्याचा संशय असेल तर हे औषध घातक ठरू शकतं, देऊ नये. ‘डिसेक्शन’ हा शब्द एकच, पण जागा बदलली की उत्तर बदलतं. आपल्या सिनॉप्सिसमध्ये एखादी संकल्पना वापरताना ती नेमकी कुठपर्यंत लागू आहे हे लिहा असं गाईड का म्हणतात, ते इथे कळतं.

प्रश्न अजून संपलेला नाही. अल्टेप्लेज तासभर सलाइनमधून द्यावं लागतं. आता त्याची जागा टेनेक्टेप्लेज घेतंय, ते एकाच इंजेक्शनमध्ये देता येतं. पुण्याची जेनोव्हा कंपनीही ते बनवते. मोठी गुठळी कॅथेटरने ओढून काढायची सोयही आता मोठ्या हॉस्पिटलांत आहे. वर सांगितलेले जुने अभ्यास मुख्यतः अल्टेप्लेजच्या काळातले. नव्या औषधाला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावायचे का, हा पुढच्या कुणाच्या तरी थिसिसचा विषय आहे.

तुमचा विषय कुठलाही असो, रिव्ह्यू लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक पेपरच्या मार्जिनमध्ये चार प्रश्न लिहून ठेवा. तुलना कुणाची कुणाशी आहे? एका गटाला ती गोष्ट मिळाली आणि दुसऱ्याला नाही, ते का? ‘फरक नाही’ म्हणताना विश्वासांतर किती रुंद आहे? आणि लेखकाने सिद्ध करायची जबाबदारी कुणावर टाकली आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं पेपरात शोधली की सापडतात. चौथ्याचं बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, ते प्रस्तावनेच्या पहिल्या दोन परिच्छेदांतून आपल्याला काढावं लागतं. म्हणून प्रस्तावना शेवटी पुन्हा एकदा वाचा.